इंजिन खोलण्याआधी

कोल्हापूरचं उद्यमनगर. शेजारच्या गाळ्यात लेथ चालू आहे, पलीकडे ग्राइंडर किंचाळतोय आणि मिस्त्री १९९६च्या मारुती ८००चं बॉनेट वर करून नुसतं ऐकत उभे आहेत. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक. पिकअप गेलाय, आयडलिंगला गाडी थरथरते. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं त्यांना सांगितलंय की रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करायला लागेल. काहीही न मोजता सांगितलंय, आणि मला राग येतो तो याचाच.

"चालू करा सर. पाय लावू नका, नुसती गुरगुरू दे."

मिस्त्री व्हॅक्यूम गेज काढतात. तबकडीवर ० ते ३० आकडे, पाऱ्याच्या इंचांत. १७ ते २१ हा पट्टा हिरवा. पण काचेवर नेलपॉलिशची एक लाल रेघ आहे, हिरव्या पट्ट्याच्या दोन घरं अलीकडे. छापलेला पट्टा समुद्रसपाटीचा असतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचं, आणि कोल्हापूर अठराशे फुटांच्या वर आहे. ही रेघ ज्याला ठाऊक नाही, तो इथल्या धडधाकट इंजिनालाही आजारी ठरवेल.

हाताखालचा पोरगा गेजची नळी डिस्ट्रिब्युटरच्या नळीच्या जागी लावायला जातो. मिस्त्री त्याचा हात धरतात. "तिथं न्हाई. ती थ्रॉटलच्या वरची जागा, आयडलिंगला तिथं ओढ नसते. खाली, मॅनिफोल्डला लाव." पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं असतं, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. रिंगा, व्हॉल्व्ह, गॅसकेट, टायमिंग, यांपैकी काहीही बिघडलं की ही ओढ बदलते. बदलते कशी, तेच बघायचं.

काटा १६ वर चढतो. आणि उचकी लागल्यासारखा खाली झटका देतो, परत वर, परत खाली. मिस्त्री नळी बोटांत किंचित दाबतात तसा झटका स्पष्ट दिसतो.

"बघा की सर, एका तालात पडायलाय. रिंगा गेल्या असत्या तर काटा खाली स्थिर बसला असता. टायमिंग मागं असलं तरी तसाच. मिक्श्चर बिघडलं असतं तर संथ हेलकावा असता. हे एकाच सिलिंडरचं काम आहे."

सर काट्याकडे वाकून बघतात. मिस्त्री थ्रॉटल झटकन उघडून सोडतात. काटा शून्याजवळ कोसळतो आणि उसळून थेट २२च्या पुढं जातो, मग जागेवर येतो. माझ्या मते सगळ्या सकाळमधली ही सर्वांत मोलाची गोष्ट. झिजलेल्या रिंगांचं इंजिन अशी उसळी घेत नाही.

आता प्लगच्या वायरी, एकेक करून. पहिली काढली, इंजिन अडखळलं. तिसरी काढली, तेच. दुसरी काढली तर इंजिनाला फारसा फरकच पडत नाही. मग कॉम्प्रेशन गेज. दुसऱ्याचा आकडा बाकीच्या दोघांपेक्षा बराच खाली. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजतात, आकडा हलत नाही. रिंगांतून गळत असतं तर ऑइलनं फट भरून तो वाढला असता.

टॅपेट बघायला इंजिन गार व्हावं लागतं. चहा होतो, शेजारचा लेथही थांबतो. चारच्या सुमाराला व्हॉल्व्ह कव्हर निघतं. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फिलर गेजचं पान आत शिरतच नाही. म्हणजे व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता. मिस्त्री नट सैल करतात, पान आत ठेवून स्क्रू फिरवतात, पान किंचित अडत सरकेल एवढी फट ठेवून नट आवळतात.

गाडी पुन्हा चालू. काटा १७ वर येतो, झटका लहान झालाय, पण आहे.

"फट मिळाली, पण मधल्या काळात व्हॉल्व्हची कड जळलीय," मिस्त्री म्हणतात. "हेड काढू. व्हॉल्व्ह बदलू, सीट लॅप करू."

"आणि बोअर?"

"कशाला ओ सर? खालचं काही खोलायचं न्हाई. हेड गॅसकेट आणि व्हॉल्व्ह तेवढे नवे आणा, उद्या सकाळी धरू."

सर खिशातून कागद काढून गॅसकेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लिहून घेतात.