विरळ हवेचा हिशेब
मालवाहू विमानांचे दिवस : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळपर्यंत आलो होतो. शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकड्या घेऊन डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली, तिथं लेख संपवला होता. श्रीनगरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच हजार फूट उंच. आज त्याच्या जवळपास दुप्पट आणि तिप्पट उंचीवर जायचं आहे. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर, आणि काराकोरम खिंडीच्या पायथ्याचं दौलत बेग ओल्डी साडेसोळा हजार फुटांच्याही वर. या दोन जागा कळल्या की मालवाहू विमानाचं सगळं शास्त्र कळतं, असं मी अँटोनोव्ह-१२ वर फ्लाइट इंजिनिअर म्हणून काढलेल्या वर्षांच्या भरवशावर सांगतो.

विमानाला उचलून धरते ती हवा. उंचावर हीच हवा कमी पडते. लेहला हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ७२ टक्के, आणि दौलत बेग ओल्डीला जेमतेम ६० टक्के. तेही थंडीत. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापली की हवा आणखी विरळ होते. हवा विरळ म्हणजे पंखाला आधार कमी. तो भरून काढायचा तर वेग वाढवावा लागतो. जे विमान मुंबईत ताशी २०० किलोमीटर वेगानं जमिनीला टेकेल, ते तेवढ्याच वजनासह लेहला सुमारे २३५ आणि दौलत बेग ओल्डीला सुमारे २६० च्या वेगानं टेकणार. गंमत अशी की वैमानिकापुढच्या वेगमापकावर तिन्ही ठिकाणी आकडा तोच दिसतो, कारण ते यंत्र हवेचा दाब मोजतं, जमिनीवरचा वेग नव्हे. म्हणजे काटा नेहमीच्या जागी आणि खिडकीबाहेरचे दगड मात्र भलत्याच वेगानं मागे पळताहेत. नवीन वैमानिकाचा हात इथंच थरथरतो. डोळे म्हणतात वेग कमी कर, आणि कमी केला तर विमान खाली बसतं.

हा वाढलेला वेग शेवटी ब्रेकला गिळायचा असतो. लेहला ब्रेकवर येणारी ऊर्जा समुद्रसपाटीच्या जवळजवळ १.४ पट, दौलत बेग ओल्डीला १.७ पटीच्या आसपास. निघताना अडचण उलटी. इंजिनालाही तीच विरळ हवा मिळत असल्यामुळे त्याचा जोर उतरलेला असतो, पंख्याची पाती हवेला पकडत नाहीत, आणि विमान धावतच राहतं. लेहला तर माघार घ्यायलाही वाव थोडा. सिंधूच्या दरीतून पूर्वेकडे तोंड करून, स्पितुकच्या गोंपाजवळून उतरायचं आणि निघताना त्याच वाटेनं उलट्या दिशेनं बाहेर पडायचं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला डोंगर आहेत. एका ठराविक बिंदूनंतर उतरायचं म्हणजे उतरायचंच.

यावर उपाय एकच, वजन कमी ठेवणं. म्हणून मालवाहू विमानाचं उड्डाण वैमानिकाच्या हातात येण्याआधी लोडशीटच्या कागदावर ठरलेलं असतं. अँटोनोव्ह-१२ मैदानात २० टन भार उचलू शके. लेहला जाताना त्यातला मोठा वाटा सोडून द्यावा लागे. परतीचं इंधनही चंदीगडहूनच भरून न्यायचं, कारण लेहला पोचणारा इंधनाचा प्रत्येक थेंब कुणीतरी आधी वाहून नेलेला असे. परतीसाठी एक किलो इंधन जास्त घेतलं की एक किलो रॉकेल, पीठ किंवा दारूगोळा खाली राहिला. त्यात हवामान फिरलं तर परत येण्याची सोय हवी, म्हणून इंधनाला हातही लावता येत नाही. हा हिशेब रोज पहाटे दिव्याखाली मांडला जाई. पहाटेच, कारण तेव्हा हवा थंड आणि घट्ट असते, आणि सूर्य वर आला की लडाखच्या दऱ्यांमधून वारा सुटतो. दुपारनंतर लेहला जाण्याचं नावही कुणी काढत नसे.

यातली बरीच माहिती पहिल्यांदा मिळवली गेली ती जिवावर उदार होऊन. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा लेहला उतरवलं. शेजारी मेजर जनरल थिमय्या होते. खाली सिंधूकाठच्या वाळूत सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं स्थानिक माणसं हाताशी धरून सपाट केलेली पट्टी, तिच्यावर तोवर एकही विमान उतरलेलं नव्हतं. डाकोटाला हवेचा दाब राखणारी केबिन नव्हती, आणि झोजिला, फोटुला ओलांडायचे तर त्या विमानाच्या कुवतीच्या टोकापर्यंत चढावं लागत होतं. लेह वाचलं त्यात या उड्डाणाचा वाटा मोठा आहे. मेहर सिंग यांना महावीरचक्र मिळालं.

डाकोटानंतर आलं पॅकेट. फेअरचाइल्ड कंपनीचं सी-११९. दोन शेपट्यांच्या मध्ये चौकोनी खोक्यासारखं पोट, आणि ते मागून पूर्ण उघडणारं. माल टाकायला याहून सोयीचं विमान तेव्हा आपल्याकडे नव्हतं. दोन पिस्टन इंजिनं लडाखला पुरेनात, तेव्हा त्याच्या पाठीवर एक लहान जेट इंजिन बसवण्यात आलं. उड्डाणाच्या वेळी आणि चढताना ते चालू करायचं. पाठीवर हे कुबड घेतलेल्या पॅकेटनं २३ जुलै १९६२ रोजी दौलत बेग ओल्डीला चाकं टेकवली. वैमानिक होते स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे. साडेसोळा हजार फुटांवर, कच्च्या पट्टीवर, वर सांगितलेल्या ६० टक्के हवेत. तिथं चिनी चौक्या जवळ होत्या आणि आपल्या जवानांपर्यंत पोचायला रस्ता नव्हता. तीन महिन्यांत युद्ध सुरू झालं. राज्यातल्या किती शाळांमध्ये राजे यांचं नाव सांगितलं जातं, ठाऊक नाही. सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अँटोनोव्ह-१२ नं चुशूलला रणगाडे नेले. विमान हवाई दलात येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ जातीचे सहा रणगाडे, प्रत्येकाचं वजन १४-१५ टन, आणि चुशूलची पट्टी १४ हजार फुटांच्या वर. लोडशीटचा वर सांगितलेला नियम आठवा. इतका भार तिथं नेणं म्हणजे दुसऱ्या प्रत्येक गोष्टीत काटकसर. इंधन मोजून मापून घ्यायचं, विमानाच्या तळावर एका जागी दाब येऊ नये म्हणून लाकडी फळ्या अंथरायच्या, आणि रणगाडा साखळ्यांनी असा जखडायचा की तो वाटेत वीतभरही सरकता कामा नये. भार मागे सरकला की विमानाचा तोल जातो आणि नाक वर उठतं. ते परत खाली आणायला सुकाणूचा जोर पुरेलच याची खात्री नसते.

हा तोल किती नाजूक असतो ते वरून माल टाकताना कळतं, आणि मालवाहू विमानातलं सगळ्यांत अवघड काम मला तेच वाटत आलं आहे. अँटोनोव्ह-१२ मध्ये नॅव्हिगेटर नाकाच्या काचेच्या घुमटात बसे. पायाखाली थेट दरी. दोन वैमानिकांच्या मधोमध, घडीच्या खुर्चीवर मी. मागे सिग्नलर. आणि त्याच्याही मागे, दाराच्या पलीकडे, मालाच्या दालनात लोडमास्टर आणि सेनेच्या आर्मी सर्व्हिस कोअरची मंडळी. मालाला ढकलून बाहेर काढणारे म्हणून त्यांना सगळे इजेक्शन क्रू म्हणत.

खाली चौकीवरच्या जवानांनी कापडाची खूण मांडलेली असे, कधी धूर केलेला असे. तिच्यावर यायला दरी एकच, आणि दरीच्या शेवटी डोंगर. मागचे दरवाजे उघडले की दालनात बर्फाळ वारा आणि असा आवाज की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, कमरेला सुरक्षेचा पट्टा, हातात जाड मोजे. नॅव्हिगेटरनं इशारा दिला की घंटा वाजते, हिरवा दिवा लागतो. वैमानिक नाक किंचित वर धरतो आणि रुळांवरचा माल आपल्याच वजनानं मागे घरंगळू लागतो. पीठ, तांदूळ दुहेरी पोत्यांत भरून तसेच सोडायचे. आतलं पोतं फाटलं तरी बाहेरचं धान्य सावरतं. रॉकेल, औषधं, दारूगोळा पॅराशूटनं. टनावारी वजन मागे सरकतं तसं नाक आणखी वर येतं, वैमानिक ते दाबतो, आणि शेवटची रास बाहेर पडली की विमान एकदम हलकं होऊन उसळतं. हे सगळं काही सेकंदांत. त्यातच एखादी रास अर्ध्यावर अडकली, तर भार शेपटीत, वेग कमी, समोर डोंगर. अशा वेळी इजेक्शन क्रूची माणसं उघड्या दाराच्या तोंडाशी जाऊन खांद्यानं, पायानं ती रास मोकळी करत. मी पुढे बसून माझ्या तबकड्या बघत असे आणि मागे काय चाललंय ते विमानाच्या अंगावरून कळे.

माझ्या तबकड्यांबद्दल दोन शब्द. अँटोनोव्ह-१२ ची चार एआय-२० इंजिनं एकाच ठरलेल्या गतीनं फिरतात, मिनिटाला १२,३०० फेरे. जोर वाढवला की गती बदलत नाही, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो. त्यामुळे आवाजावरून जोराचा अंदाज येत नाही. सगळी भिस्त तापमान आणि इंधनाच्या काट्यांवर. एखादं इंजिन बंद पडलं तर त्याच्या पात्यांची धार वाऱ्याकडे वळवायची, नाहीतर तोच पंखा विमानाला मागे खेचतो. ही क्रिया आपोआप होण्याची सोय होती, तरीही हात बटणाजवळ असे. लेहला शक्यतो आम्ही इंजिनं बंदच करत नसू. विरळ, गोठलेल्या हवेत ती पुन्हा सुरू होतील याची शाश्वती नसे. चारही पंखे फिरत असताना मागून माल उतरे, रजेवर जाणारे जवान चढत, आणि आम्ही वारा सुटायच्या आत बाहेर पडत असू.

जाताना जे जवान नेत असू, त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं असली की मी दालनात एक फेरी मारून येई. पुढच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असे, मागे तो नसे. खाली उतरताना कान भयंकर दुखतात. एकदा कराडकडचा एक पोरगा दोन्ही कान दाबून बसला होता. मला पाहून म्हणाला, "लई कळ मारतीय ओ साहेब, फुटतील का काय?" म्हटलं, "फुटत नाहीत. आवंढा गिळत राहा, नाक दाबून फुंक. आणि उतरल्यावर धावपळ करू नकोस, दोन दिवस नुसतं पडून राहा." त्यानं शेजारच्या तिघांना तेच समजावलं. लेहला गेल्यागेल्या ऐट दाखवणाऱ्याला उंची पाडते, विरळ हवेचा हिशेब माणसालाही चुकत नाही.

तो हिशेब आणि हवामान यांपुढे कधीकधी काहीच चालत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं अँटोनोव्ह-१२ खराब हवामानामुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ माणसं होती. अवशेष सापडले २००३ मध्ये, ढाका हिमनदीवर, एका गिर्यारोहण मोहिमेला. तेव्हापासून लष्करानं तिथं पुन्हा पुन्हा शोध घेतला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले, छप्पन्न वर्षांनी. आमच्या काळात त्या विमानाचा विषय निघाला की चंदीगडच्या मेसमध्ये सगळे गप्प होत. प्रत्येकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी त्यात होतं.

नंतरची गोष्ट थोडक्यात. १९८४ पासून अँटोनोव्ह-३२ आलं. उष्ण हवा आणि उंच धावपट्ट्या ही आपलीच गरज समोर ठेवून घडवलेलं विमान, म्हणून दोनच इंजिनं पण दांडगी, आणि पंखाच्या वर चढवलेली. ३१ मे २००८ रोजी याच जातीचं विमान दौलत बेग ओल्डीला उतरलं. १९६० च्या दशकात बंद पडलेली ती पट्टी ४३ वर्षांनी उघडली. २० ऑगस्ट २०१३ ला तिथं सी-१३०जे उतरलं. यंत्रं बदलली, आता लोडशीट संगणक मांडतो. साठ टक्के हवा मात्र साठच टक्के आहे.

या सगळ्या इतिहासात नावं राहिली ती बहुतेक वैमानिकांची, आणि ती राहायलाच हवीत. पण लेह, चुशूल, दौलत बेग ओल्डी ज्यांच्या बळावर तगली त्यात उघड्या दाराशी उभ्या असलेल्या इजेक्शन क्रूचा आणि सिग्नलर, लोडमास्टर यांचा वाटा बरोबरीचा आहे. विमानातले आम्ही निदान लॉगबुक लिहायचो. आर्मी सर्व्हिस कोअरच्या त्या माणसांकडे तेही नसे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या भागातले कितीतरी जण या कामावर होते आणि आता ते सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात, भावकीत, गावात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. कुठली चौकी, कुठलं साल, काय टाकलं, कोण बरोबर होतं, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. तारखा मागेपुढे झाल्या तरी चालतील.

पुढच्या लेखांकात ११ डिसेंबर १९७१ ची टांगाईलची उडी.