ऑलिंपिकमधला रग्बी दंगलीमुळे गेला का?

ऑलिंपिकमधल्या रग्बीचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. १८ मे १९२४, पॅरिसजवळचं कोलोंब स्टेडियम. अमेरिकेने फ्रान्सला १७-३ असं हरवलं. प्रेक्षक खवळले, हाणामारी झाली, अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडवली गेली आणि खेळाडूंना पोलीस बंदोबस्तात बाहेर न्यावं लागलं. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकमधून गेला. म्हणून दंगलीने रग्बी घालवला, असं आपण म्हणतो.

पण जरा आकडे बघा. १९०० साली पॅरिसला संघ किती होते? तीन. १९०८ला लंडनमध्ये दोन, म्हणजे पहिला सामना हाच अंतिम सामना! त्यात ऑस्ट्रेलियाने ब्रिटनला ३२-३ हरवलं, आणि ब्रिटनचा संघ म्हणजे कॉर्नवॉल या एका परगण्याचा संघ. १९२०ला अँटवर्पला पुन्हा दोनच. १९२४ला तीन, त्यामुळे दोन्ही सामने हरूनही रुमानियाला कांस्यपदक मिळालं.

असं का झालं? रग्बी हा मुळात हिवाळी हंगामातला खेळ आणि ऑलिंपिक उन्हाळ्यात. शिवाय सामना दमवणारा, त्यामुळे थोड्या दिवसांत बरेच सामने खेळवता येत नाहीत. अमेरिकेचा संघही मुख्यतः कॅलिफोर्नियाचा. तिथल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली विद्यापीठांनी १९०६मध्ये अमेरिकन फुटबॉल धोकादायक म्हणून सोडला आणि रग्बी धरला, त्यातून हे खेळाडू तयार झाले. बाकी अमेरिकेत रग्बी फारसा नव्हताच.

मग इतकी वर्षं तो टिकला कसा? त्याचं एक मोठं कारण पियेर द कुबेर्तँ. आधुनिक ऑलिंपिकचे हे प्रवर्तक रग्बीचे चाहते. १८९२मध्ये फ्रान्सच्या पहिल्या अजिंक्यपद सामन्यात पंच तेच होते. १९२५मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि रग्बीचा मोठा आधार गेला. दंगल नसती झाली, तरी दोन-तीन संघांची स्पर्धा किती काळ चालवणार होते?

२०१६मध्ये रिओला रग्बी परतला, तो सात-सात खेळाडूंच्या आटोपशीर रूपात. सामना साधारण पंधरा मिनिटांचा, त्यामुळे पुरुषांचे बारा संघ तीन दिवसांत खेळले. सुवर्णपदक फिजीने जिंकलं, आणि त्या छोट्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. जुन्या रग्बीत जे जमलं नव्हतं, ते इथे जमलं.