लॅनगॉलेनची बैठक

महाविद्यालयाच्या गायकवृंदाबरोबर परदेशी जाण्याचा मान मला मिळाला, तो काही माझ्या गळ्यामुळे नव्हे. बावीस मुलामुलींबरोबर एखादी वडीलधारी बाई हवी, एवढ्याच पात्रतेवर माझी निवड झाली. "मराठीच्या मॅडमना पेपरही फारसे तपासावे लागत नाहीत," असे स्टाफरूममध्ये कुणीसे म्हणाले. बोलणे झोंबले, पण खरेच होते. माझ्या वर्गात त्या वर्षी उणेपुरे अकरा विद्यार्थी होते.

2019 च्या जुलैत आम्ही वेल्समधल्या लॅनगॉलेन या गावी पोचलो. डी नदीच्या काठचे, हिरव्या डोंगरांनी वेढलेले चिमुकले गाव. महायुद्धाच्या जखमा ओल्याच होत्या, तेव्हा देशोदेशींच्या लोकांनी निदान एकत्र गावे, या हेतूने 1947 साली येथे आंतरराष्ट्रीय संगीतोत्सव सुरू झाला. 1955 साली इटलीतल्या मोडेना शहराच्या वृंदात एक तरुण वडिलांसह गायला आणि त्या वृंदाने पहिले बक्षीस नेले. तो तरुण म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला लुचियानो पावारोत्ती!

अशा उत्सवाला वेल्श भाषेत 'आयस्तेद्‌वॉद' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'बसणे' हा अर्थ आहे, हे कळताच मला हसू आले. म्हणजे आपली गाण्याची 'बैठक'च की!

आमच्या गाण्यांत एक जात्यावरची ओवी होती. साताऱ्याकडच्या एका मुलीने ती आजीकडून आणलेली. ओवीला ताल कसला? जात्याच्या फेऱ्याबरोबर ती लांबते, आखडते. वृंदगानाला मात्र मोजमाप हवे. आमचे संगीतशिक्षक गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले. त्यांनी युक्ती काढली. खालच्या पट्टीतल्या मुलांनी तोंड मिटून जात्याची घरघर धरायची, मधल्या आवाजांनी दोन सूर लांबवायचे, आणि त्यांवर त्या मुलीने मोकळेपणी गायचे.

पण आमच्या गाण्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला आणि मुलीचा गळा बसला. तिच्या जागी मुंबईची एक मुलगी उभी राहिली. आवाज गोड, सूर पक्का. घरी मराठी बोलणारी. पण देवनागरी तिला हिंदीपुरतीच सवयीची. मराठी ती मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिही. ओवीही तशीच लिहून घेतलेली. पहिल्याच ओळीत तिने 'दळणा'चे 'दलन' केले! पुढे 'सकाळ' होती, 'कपाळ' होते. सगळ्यांची तीच गत.

मला आणि चार मुलींना एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी जागा मिळाली होती. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात मी मुलीला समोर बसवले. जीभ मागे वळव, टाळूला लाव, झटक्याने खाली आण. दहा वेळा, वीस वेळा. बाई चहा करता करता ऐकत होत्या. त्यांनीही 'ळ' म्हणून पाहिला, जमेना. मग हसून म्हणाल्या, "आता तुम्ही आमच्या गावाचे नाव नीट म्हणा!" त्या नावात एक चमत्कारिक 'ल' दोनदा येतो. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची, आवाज न काढता तिच्या कडेने नुसता वारा सोडायचा. आम्ही दोघी फुसफुसत राहिलो. मध्यरात्री केव्हातरी मुलीच्या तोंडून स्वच्छ 'दळण' निघाले.

मुली निजल्यावर बाईंनी जुन्या शाळांची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवीत. तिला 'वेल्श नॉट' म्हणत. पुढे वेल्श माध्यमाच्या शाळा निघाल्या, 2011 साली तिला वेल्समध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. तरी त्या वर्षीच्या शिरगणतीत बोलणारे भरले साडेपाच लाखांच्या आसपास.

"तुमची भाषा किती लोक बोलतात?" त्यांनी विचारले.

"आठ कोटींहून अधिक."

"आठ कोटी!" त्यांनी कप खाली ठेवला. "मग तुमच्या वर्गात बसायला जागा पुरत नसेल!"

मी अकराचा आकडा सांगितला नाही. लाज वाटली. आमच्या गळ्यात कुणी फळी अडकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओवी झाली. घरघर सुरू झाली, तिच्यावर मुलीचा आवाज चढला, आणि तिन्ही 'ळ' जिथल्या तिथे पडले. मी पडद्याआड बोटांवर मोजत होते. बक्षीस मिळाले नाही. आमच्याहून सरस वृंद पुष्कळ होते.

2021 ची वेल्समधली शिरगणती मी मुद्दाम पाहिली. वेल्श बोलणारे आणखी घटून 5 लाख 38 हजारांवर आले होते. बाईंची आठवण झाली.

परतल्यावर माझा वर्ग भरून गेला, असे लिहायला मला आवडले असते. वर्ग अकराचाच राहिला. मात्र एके दुपारी ती मुंबईची मुलगी नवी वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली. "मॅडम, ती ओवी मला नीट लिहून द्याल?"

"देणार नाही," मी म्हटले, "तूच लिही. मी सांगते."

पहिला 'ळ' लिहायला तिला जरा वेळ लागला. दुसरा लवकर आला.