तीळ, खळ आणि पाच रुपयांचं तिकीट

पौष लागला की तुमच्या-आमच्या घरात काय चाललेलं असतं ते वेगळं सांगायला नको. मालदांडी हुरड्यावर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, उसाला तोड लागलेली असते. पाण्याची पाळी नेमकी रात्रीची येते आणि पहाटे अंगणातल्या शेकोटीपाशी घरातली सगळी माणसं, अगदी कुत्र्यासकट, एका जागी गोळा होतात. वर्षातून एवढ्या जवळ आपण एरवी कधी बसतो? अशाच एका सकाळी गेल्या वर्षी आमची धाकटी, चौथीतली, हात शेकता शेकता म्हणाली, "पप्पा, जुन्या लग्नपत्रिका कुठं ठेवल्यात?"

लग्नपत्रिका कशाला, तर शाळेत बाईंनी सांगितलेलं. संक्रांतीचं कार्ड हातानं करायचं, त्यात तिळगूळ घालायचा आणि ते खरोखरीच्या पोस्टानं कुणाला तरी धाडायचं. कुणाला ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

ज्यांनी पन्नाशी ओलांडलीय त्यांना हे नवं वाटणार नाही. आपल्याकडे संक्रांतीला पाकिटातून चार दाणे हलव्याचे पाठवायची रीत चांगली जुनी. नांदायला गेलेली लेक, पलटणीत असलेला पोरगा, मुंबईला गिरणीत गेलेला भाऊ, सगळ्यांना ते चार दाणे जायचे. पंधरा पैशांचं कार्ड होतं तेव्हाची ही गोष्ट. कार्डात तिळगूळ जायचा नाही, म्हणून सणापुरतं पाकीट घ्यायचं, एवढाच काय तो चंगळीचा खर्च. आता मोबाइलवर पहाटेपासून तिळगुळाच्या वाट्या येऊन पडतात. मीही पाठवतो, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी विचारलं की कुणाकुणाच्या आल्या, तर सांगता येत नाही.

असो. लग्नपत्रिका माळ्यावरच्या पेटीत सापडल्या. तुळशीचं लग्न झाल्यापासून गावात पत्रिकांचा पाऊस असतो आणि अलीकडे कागद असा जाड वापरतात, की फेकवत नाही. आईनं आधी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कात्रीनं अलगद कापून बाजूला काढला. देवाचं चित्र उलटसुलट चिकटवायचं नाही, हा तिचा नियम. ते गणपती एका डब्यात आहेत. दोन-तीनशे तरी असतील. पुढं त्यांचं काय करायचं ते घरात कुणालाच माहीत नाही.

पाठीमागची कोरी बाजू वर घेतली आणि कामाला सुरुवात झाली. चिकटवायला बाजारचा गोंद आणला नाही. वाटीभर पाण्यात दोन चमचे गव्हाचं पीठ कालवून चुलीवर ढवळलं, खळ तयार. पूर्वी वह्या बांधणारे खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. तुम्ही पोरांच्या हातात देताना तो अजिबात घालू नका. ते विष आहे आणि पोरं बोटं चाटतात. रंगाला हळद, कुंकू, गेरू आणि कपड्यांची नीळ. भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारले की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, तेच आपल्या पोरांचं रबरी शिक्क्यांचं दुकान. गव्हाची एक ओंबी चिकटवली. वहीत जपून ठेवलेलं, जाळी झालेलं पिंपळाचं पान होतं, तेही लागलं. मधल्या जागी बैल काढला. बैलाला पाय तीनच दिसत होते. चौथा कुठं गेला म्हणून विचारलं तर म्हणाली, तो पलीकडच्या बाजूला आहे.

आता हलवा. इथं मी जरा रेंगाळणार, तुम्ही सांभाळून घ्या. काटेरी हलवा बाजारात मिळतो, पण घरी होताना बघितला नसेल तर एकदा बघाच. साखरेचा एकतारी पाक करायचा. उकळताना चमचाभर दूध घालायचं, म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक फडक्यातून गाळून घ्यायचा. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, निखाऱ्यावर राख पसरायची, परातीत कोरडे भाजलेले तीळ. त्यावर पाक सोडायचा तो ओतायचा नाही. चमच्याचं टोक बुडवून थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. सुकले की पुन्हा चार थेंब. घाई केली, जाळ वाढवला किंवा पाक जास्त पडला, तर तिळांचा गोळा होतो आणि सगळं मुसळ केरात. थंडीत काटा चांगला येतो, म्हणून आई पहाटे बसते. एक दिवसात होत नाही. दोन-तीन पहाटा गेल्या की काल जो साधा तीळ होता त्याच्या अंगावर बारीक बारीक पांढरे काटे उभे राहतात. वडील गेल्यापासून आई कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाही. पण गल्लीतल्या पोरांच्या बोरनहाणाला हलवा लागला, की वाटी घेऊन बायका येतात त्या आमच्याच दारी.

जाता जाता तिळाचीही गोष्ट सांगून टाकतो. परातीतले ते तीळ दुकानचे. आपल्यापैकी कितीजण आता तीळ पेरतात? पूर्वी बाजरीत चार तासं टाकली जायची, घरच्यापुरते मण-दोन मण निघायचे. जळगावच्या संशोधन केंद्रानं आणि अकोल्याच्या विद्यापीठानं चांगले वाण दिले आहेत, पीक तीन महिन्यांत हाती येतं, पाणी कमी लागतं. अडचण काढणीची. बोंडं वाळून उकलली की दाणा शिवारातच सांडतो, म्हणून पाला पिवळा पडू लागताच कापून पेंढ्या उभ्या कराव्या लागतात, आणि त्याच आठवड्यात मजूर मिळत नाही. तरी खाण्यापुरती दोन तासं टाकायला हरकत नसावी, असं माझं मत.

कार्ड पुरं झालं तेव्हा धाकटीला ते आणखी देखणं करायचं होतं. दुकानातल्या कार्डांचे कोपरे कापून गोल केलेले असतात ना, तसे तिनं करायला घेतले. एक कोपरा कात्रीनं उडवला आणि दुसऱ्याला हात घालणार, तोच आईनं कात्री हिसकून घेतली. पोर घाबरली, रडायला लागली. आई म्हणाली, "कोपरा कापलेलं कार्ड कुणाच्या दारात पाठवायचं नसतं गं बाई."

जुन्या माणसांना याचा अर्थ कळला असेल. मयताची बातमी ज्या कार्डावर यायची त्याचा कोपरा फाडलेला असायचा. घरात वाचता येणारं कुणी नसलं, तरी कोपरा बघूनच रडारड सुरू व्हायची. असं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. लग्नाच्या पत्राला याउलट कोपऱ्यांना हळदीकुंकू. पोरीनं हे कधी ऐकलेलंच नव्हतं, तिनं कोपरा फाटलेलं कार्ड उभ्या जन्मात पाहिलं नाही. मग कार्ड पुन्हा पहिल्यापासून केलं, चारी कोपरे धड ठेवून. बैलाला या खेपेला पाय चार आले.

पोस्टात टाकण्याबद्दल थोडं सांगतो, कारण पहिल्या फेरीला आमची फजिती झाली. तिळगुळाचा लाडू पाकिटात घालू नका. गूळ पाझरतो, तिळाचं तेल कागदाला लागतं आणि मुंग्या पाकिटाचा पत्ता शोधत येतात. हलवाच घाला, तोही पाच-सात दाणे, कागदाच्या पुडीत बांधून. पुडी डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात खळीनं चिकटवा. तिकीट उजवीकडं वर असतं आणि शिक्क्याचा दणका तिथं बसतो, पुडी त्याखाली आली तर पलीकडे पोचते ती पिठीसाखर. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. वहीच्या कागदाला वजन नसतं, पण लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि वर हलवा म्हटल्यावर काटा पुढं जातो, तेव्हा पोस्टमास्तरांकडून वजन करून घ्या. नाहीतर पाकीट घेणाऱ्याला दंड भरावा लागतो, आणि गोड बोला म्हणून कार्ड पाठवून त्यालाच दंड बसवायचा म्हणजे कमाल झाली. आणि पिनकोड लिहा. हा पिनकोड १९७२ सालच्या १५ ऑगस्टला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी.

पत्ता लिहिताना मात्र मी तिथं नव्हतो. ती एकटीच पोस्टात जाऊन आली. संध्याकाळी विचारलं, कुणाला धाडलंस? म्हणाली, "तात्या आजोबांना."

आता तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांचं घर आमच्या दारातून दिसतं, मधे फक्त गल्ली. आणि त्या गल्लीतून अकरा वर्षांत पाण्याचा तांब्यासुद्धा इकडून तिकडं गेलेला नाही.

कारण तुम्ही ओळखलं असेल. बांध. वाटणीत वडिलांना वरचा तुकडा आला, तात्यांना खालचा. मधल्या बांधावर एक बोरीचं झाड आहे. नांगरताना बांध दरवर्षी वीतभर सरकला म्हणे. कुणी सरकवला ते ज्याला त्याला आपापल्या परीनं पक्कं माहीत आहे. मोजणी झाली, ती एकाला मान्य नाही. फेरमोजणीचे पैसे भरले, ती दुसऱ्याला मान्य नाही. तलाठी भाऊसाहेब तीन बदलून गेले, त्यातल्या एकानं मनापासून समजावून पाहिलं, त्याचं नाव दोघांनीही टाकलं. शासनानं २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. बारा वर्षांपासून एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल तर अदलाबदलीला मुद्रांक हजार रुपये आणि नोंदणी हजार रुपये. योजना चांगली आहे, तुमच्यापैकी कुणाचं त्यात बसत असेल तर जरूर बघा. आमचं बसत नाही. आमचं भांडण गटाचं नाही, वीतभर मातीचं आहे. वडील वारले तेव्हा तात्या मातीला आले, खांदा दिला आणि तसेच गल्ली ओलांडून घरी गेले. दाव्यात वडिलांच्या जागी माझं नाव लागलं. तारखा पडताहेत. बोरीची बोरं या अकरा वर्षांत ना आम्ही उतरवली, ना त्यांनी. राखणीच्या पोरांनी आणि पाखरांनी खाल्ली.

मी पोरीला रागावलो नाही, पण रात्री जेवण गेलं नाही. वाटलं, तात्यांना वाटेल आम्हीच पोरीकडून लिहवलं. कोर्टात नमतं घ्यायची ही वाट काढलीय. आईला म्हटलं, काय लिहिलंय कोण जाणे. पोरगी म्हणाली, "काही नाही, तिळगूळ घ्या म्हटलंय. आणि बोरं पिकली का, ते विचारलंय."

आई एकदम हसली. तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोस्टमननं पाकीट दिलं, ते पारावर. तिथं असलेल्यांनी नंतर मला सांगितलं, की तात्यांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं, कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं आणि पुडीतले दाणे मोजले. सात होते. एक तोंडात टाकला, बाकीचे बंडीच्या खिशात ठेवले. कुणी विचारलं, कुणाचं आहे? तर म्हणाले, टपाल आहे. आणि उठून गेले.

त्यानंतर काही नाही. एक दिवस, दोन दिवस. भोगीच्या पहाटे आई चुलीला पोतेरं द्यायला उठली आणि दार उघडून तिथंच उभी राहिली. ओट्यावर बुट्टी. वर्तमानपत्रानं झाकलेली, कागद उडू नये म्हणून वर दगड. खाली बोरं, अर्धी पिकलेली, अर्धी गाभुळलेली, काही पानांसकट. रात्रीत कधी आणून ठेवली कुणास ठाऊक. म्हातारा माणूस त्या काट्यांत गेला कसा, हेच आई दिवसभर म्हणत होती. भोगीच्या भाजीत मूठभर पडली, सुगडांत पाच पाच गेली. बुट्टी परत द्यायची तर रिकामी द्यायची नसते. आईनं तिच्यात बाजरीच्या तिळाच्या भाकऱ्या आणि वाटीभर हलवा घातला. धाकटी ती डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडून गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

दावा आहे तिथं आहे. पुढच्या तारखेला तात्या आणि मी एकाच एसटीनं तालुक्याला गेलो, ते पुढच्या बाकावर, मी मागं. येताना तिकीट त्यांनी माझंही काढलं होतं. मी पैसे पुढं केले. त्यांनी घेतले.

आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी पोस्टमन आमच्या दारात. पन्नास पैशांचं कार्ड, गल्लीपलीकडून आलेलं, पिनकोडासहित, नाव धाकटीचं. निळी शाई, जुनं वळणदार अक्षर. श्री. वर घातलेलं. चि. हिस अनेक आशीर्वाद. कार्ड पोचले. बैल चांगला काढला आहे. बोरे पोचली किंवा कसे ते उलट टपाली कळवणे.

पोरीच्या हातातून ते कार्ड आईनं घेतलं. तिला वाचता येतं, चष्माही जवळ होता. पण आधी तिनं कार्डाचे चारी कोपरे बघितले.