धान्याहारांतून पुरेसें लोह कसें मिळवावें

मांस, अंडीं व दूध हीं सर्व वर्ज्य केल्यास अंगांत रक्त राहत नाहीं, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. दुधापुरता तरी तो चुकीचा आहे. कारण दुधांत लोह जवळजवळ नसतेंच. रक्तास लागणारें लोह आपल्या शेतांत पिकतें. अडचण आहे ती तें अंगीं लागण्याची.

ही अडचण लहान नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थोड्या कामानें दम लागणें व पापणीची आंतील कड फिकी पडणें, हीं त्याचीं लक्षणें होत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार पुरुषास रोज १९, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह लागतें.

आतां हिशेब पाहूं. १०० ग्रॅम बाजरींत लोह सुमारें ६ मिलिग्रॅम, ज्वारींत ४, हुलगा व मटकी यांत ८, तर पांढऱ्या सडीक तांदळांत एकही पुरतें नाहीं. ३०० ग्रॅम बाजरीची भाकरी, ओंजळभर कडधान्य व माठाची भाजी यांनीं स्त्रीची गरज जवळजवळ भागते. भातावर राहणारीची भागत नाहीं.

परंतु धान्याच्या कोंड्यांतील फायटिक आम्ल लोहास जखडून ठेवतें. वरील २९ मिलिग्रॅमांपैकींही शेंकडा सुमारें ८ भागच रक्तांत उतरतात, असें धरलेलें आहे. त्यावर जेवणाबरोबर चहा घेतल्यास तेंही घटतें. यास्तव पुढील गोष्टी कराव्या :

१. जेवतांना पानांत लिंबू पिळावें, अथवा आवळा वा पेरू खावा. लिंबू शिजवूं नये. उष्णतेनें त्यांतील क जीवनसत्त्व नष्ट होतें.

२. चहा जेवणानंतर तासाभरानें घ्यावा.

३. कडधान्यें भिजवून मोड आणावे, पीठ आंबवावें. त्यायोगें फायटिक आम्ल कमी होतें.

४. आंबट भाजी लोखंडी कढईंत करावी. ती काळसर झाली तरी चिंता नको.

बियाणें निवडतांनाही विचार करावा. ‘धनशक्ति’ हा अधिक लोह असलेला बाजरीचा वाण २०१२ मध्यें महाराष्ट्रांत प्रसृत झाला. तो संकरित नसल्यानें, शेजारीं दुसरी बाजरी नसेल तर घरचें बीं ठेवतां येतें.

दोन गोष्टी मात्र शेतांतून भागत नाहींत. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें व त्याच्या अभावींही रक्तक्षय होतो. दूधही सोडणाऱ्यानें तें गोळीच्या रूपानें घ्यावें. गर्भवतीस आहार कितीही चांगला असला तरी आरोग्य केंद्रांतील लोहाच्या गोळ्या द्याव्याच.

बहुतेक घरांत लोहाची गरज जिला अधिक, तीच सर्वांमागून जेवते. तिच्या पानावर उसळ व लिंबाची फोड उरते कीं नाहीं, हें कर्त्या पुरुषानें जातीनें पाहावें.