विश्लेषण : घरीच शिकणारे मूल उशिरा वाचू लागले, तर पुस्तके कशी निवडावीत?

वय नऊ, पण वाचनाची पातळी पहिली-दुसरीची. अशा मुलाच्या हाती नेमके काय द्यायचे, हा घरी शिकवणाऱ्या अनेक पालकांपुढचा प्रश्न असतो. वयानुसार पुस्तक दिले तर पहिल्याच पानावर गाडी अडते आणि पातळीनुसार दिले तर ‘हे लहान बाळांचे आहे’ म्हणून मूल ते बाजूला सारते. यातून मार्ग कसा काढायचा?

उशिरा वाचणे म्हणजे मागे पडणेच का?

तसे नाही. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेत जातात. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली. साधारण अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांतील फरक उरला नव्हता. मात्र यात एक मेख आहे. ती मुले उशिरा शिकू लागली होती. शिकवूनही वाचता येत नसेल तर ती गोष्ट वेगळी.

वय आणि पातळीचा मेळ कसा घालावा?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचन. गुणाकार असल्याने एक बाजू शून्य झाली तर उत्तरही शून्यच येते. उशिरा वाचणाऱ्या अनेक मुलांची दुसरी बाजू भक्कम असते. त्यांना गुंतागुंतीची गोष्ट कळते, विनोद कळतो, फक्त अक्षरे अडवतात. म्हणून एकाच पुस्तकाकडून दोन्ही कामांची अपेक्षा न ठेवता मुलाला ऐकण्यासाठी एक आणि स्वतः वाचण्यासाठी एक, अशी दोन पुस्तके एकाच वेळी सुरू ठेवावीत.

ऐकण्यासाठी काय निवडावे?

इथे निकष वयाचा आणि आवडीचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, शोधकथा, प्राणी, अवकाश, क्रिकेट असे काहीही चालेल. पालकांनी रोज 15-20 मिनिटे मोठ्याने वाचावे. जे मूल वाचत नाही, त्याला नवे शब्द भेटत नाहीत. ही तूट ऐकण्यातून भरून निघते. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग बाल आणि कुमार अशा दोन गटांत आहेत. त्यातले निवडक उतारेही ऐकवता येतात.

स्वतः वाचण्यासाठी काय निवडावे?

मराठीत एका अक्षराचा उच्चार बहुतांशी ठरलेला असतो, ही सोय आहे. अडचण जोडाक्षरांची. एकटा ‘र’च सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या शब्दांत चार रूपे घेतो. त्यामुळे पुस्तक चाळताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

• अक्षर मोठे, ओळींत मोकळी जागा आणि पानावर मजकूर कमी.
• सुरुवातीला जोडाक्षरे मोजकी, पण शब्दांची पुनरावृत्ती भरपूर.
• चित्रांतली पात्रे मुलाच्याच वयाची किंवा मोठी.
• एका पानावर पाच शब्द अडले, तर ते पुस्तक सध्या ऐकण्याच्या यादीत टाकावे.

प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर 1 ते 4 अशा पातळ्या छापलेल्या असतात. याच संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. पातळी 1 आणि 2 मधील विज्ञान-निसर्गाची पुस्तके मोठ्या मुलांना बाळबोध वाटण्याची शक्यता कमी. ‘चिंटू’सारख्या चित्रमालिकाही उपयोगी ठरतात. वाक्ये छोटी असतात, अर्थाचा निम्मा भार चित्र उचलते आणि विनोद मात्र मोठ्यांचाही असतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मोफत ऑनलाइन उपलब्ध आहेत. त्यातली कोडी आणि छोटी सदरे सुरुवातीला पुरेशी आहेत.

पुस्तक बदलून भागत नसेल तर?

घरी शिकण्यात वर्गातली तुलना नसते, हा फायदा आहे. पण अडचण ओळखणारे शिक्षकही नसतात. नियमित सराव करूनही आठव्या वर्षापर्यंत अक्षर-ध्वनीची जोडी बसत नसेल, कालचा शब्द आज अनोळखी वाटत असेल किंवा घरात इतर कुणाला वाचनाची अडचण असेल, तर थांबू नये. आधी डोळे आणि कान तपासावेत, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही ही तपासणी होते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे निदान झाल्यास पुढे परीक्षेत सवलती मिळण्याचा मार्ग खुला होतो.

तपासणी सुरू असतानाही ऐकण्याचे पुस्तक बंद करू नये. वाचता येण्याआधी गोष्टींचा कंटाळा आला, तर नंतर अक्षरे येऊनही मूल पुस्तक उघडणार नाही.