दीर्घकालीन हित, नेतृत्व आणि सभासदाचा विश्वास

लोकशाहीत लोकांना तात्कालिक लाभच हवा असतो, दूरच्या हिताचा विचार त्यांना मानवत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. निवडणूक पाच वर्षांनी येते, धरणाचे किंवा वनाचे फळ मात्र वीस-पंचवीस वर्षांनी मिळते. तेव्हा लोकनियुक्त नेतृत्वाने दूरचा विचार करावा तरी कसा, हा प्रश्न त्यामागे आहे. ग्रामपंचायत असो, सहकारी पतपेढी असो वा साखर कारखाना असो, तो सर्वत्र सारखाच उपस्थित होतो. म्हणून त्याचे उत्तर अनुभव व संशोधन या दोहोंच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव या विचाराला चांगली सुरुवात करून देते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा विश्वासू सेनानी संगोळ्ळी रायण्णा यास इंग्रजांनी १८३१ साली येथे फाशी दिले. कंपनी सरकारच्या सैन्याविरुद्ध तो लढू शकला तो खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांनी त्याला दिलेल्या साथीमुळे. आणि तो पकडला गेला तो फितुरीमुळे. त्याचे समाधिस्थळ आजही लोकांच्या आदराचे स्थान आहे. परंतु त्या लढ्याची सारी भिस्त एका पुरुषावर होती आणि त्याच्यामागे तो लढा टिकू शकला नाही. व्यक्तीवरील विश्वास कितीही गाढ असला तरी त्याला आयुष्याची मर्यादा असते. तो पुढील पिढीपर्यंत न्यावयाचा तर त्यास नियमाचे व संस्थेचे रूप द्यावे लागते.

हे रूप याच परिसराने पुढे पाहिले. नंदगडसह बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि त्यापूर्वी मुंबई इलाख्यात. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व १९०५ साली गदगजवळील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने देशातील आरंभीची कृषी सहकारी पतसंस्था उभी राहिली. त्या कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रामीण संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. एकाने कर्ज बुडविले तर त्याचा भार इतरांवर पडे. त्यामुळे कोणास कर्ज द्यावे याचा निर्णय एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनीच काळजीपूर्वक करावा लागे. तसेच नफा वाटून न घेता तो राखीव निधीत जमा करावा असा दंडक होता. आजचा लाभ उद्यासाठी बाजूला ठेवण्याची ही सक्ती संस्थेच्या सर्व सभासदांना सारखी लागू होती. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सहकार कायद्यांत नफ्याचा ठराविक हिस्सा राखीव निधीत टाकण्याचे बंधन आजही आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. जो कारखाना अद्याप उभा नाही, त्यासाठी अल्पभूधारकाने हातचा पैसा द्यावा, ही गोष्ट सोपी नव्हती. गावातला परिचयाचा माणूस आग्रह धरीत होता आणि हिशेबाची जाण असलेला अभ्यासक अध्यक्षपदी होता. या दोहोंमुळे शेतकऱ्याला भरवसा वाटला. नेतृत्वाचे काम केवळ आश्वासन देण्याचे नसून आश्वासन पाळले जाईल अशी व्यवस्था उभी करण्याचे आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

परदेशांतील अलीकडचे संशोधनही याच दिशेने जाते. ॲलन जेकब्स व स्कॉट मॅथ्यूज या राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील नागरिकांची मते प्रयोगपद्धतीने अजमावून २०१२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उशिरा मिळणारा लाभ लोक नाकारतात याचे मुख्य कारण त्यांची अधीरता नसून तो लाभ खरोखर पदरात पडेल की नाही याविषयीची शंका हे होय, असे त्यांना आढळले. म्हणजेच मतदार दूरचे पाहत नाही असे नव्हे. दूरवर त्याला खात्री दिसत नाही. ही खात्री वाढविली की त्याग करण्याची तयारीही वाढू शकते.

मात्र प्रत्येक वेळी शंका निराधार असते असे समजू नये. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी व देबराज राय यांनी महाराष्ट्रातील सुमारे शंभर सहकारी साखर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील माहिती तपासून २००१ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या कारखान्यांचे नियंत्रण मोठ्या बागायतदारांच्या हाती व सभासदांत लहान शेतकऱ्यांचा भरणाही असतो, तेथे उसाचा भाव कमी ठेवून मागे राहिलेल्या रकमेचा लाभ वजनदार सभासदांकडे वळण्याची प्रवृत्ती दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भविष्याच्या नावाने राखलेला पैसा योग्य देखरेखीअभावी काही जणांच्या वर्तमानाची सोय बनू शकतो. अशा ठिकाणी सभासदाने शंका घेणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

यावरून सभासदांनी व पदाधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी अशा :

(१) दीर्घ मुदतीसाठी कपात किंवा ठेव घेताना तिचा हेतू, मुदत व परतफेडीची अट लेखी स्वरूपात सर्वांसमोर ठेवावी.

(२) लेखापरीक्षण अहवाल सभासदाला समजेल अशा भाषेत वार्षिक सभेत वाचून दाखवावा. राखीव निधी कोठे गुंतविला आहे, हे विचारण्यास सभासदाने संकोच करू नये.

(३) ठेवीदाराने संस्थेचे स्वरूप जाणून घ्यावे. विमा उतरविलेल्या सहकारी बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. प्राथमिक पतसंस्थेतील ठेवीला ते लागू नाही. आयुष्याची पुंजी ठेवण्यापूर्वी हा फरक माहीत असणे अगत्याचे आहे.

(४) संस्थेत दुसऱ्या फळीचे कार्यकर्ते वेळीच तयार करावेत, म्हणजे एका व्यक्तीच्या जाण्याने संस्था खचणार नाही.

नंदगडसारख्या सीमावर्ती गावात मराठी व कानडी बोलणारे शेतकरी एकाच बाजारात व्यवहार करतात. त्यांच्या संस्था टिकावयाच्या तर हिशेब उघडा असणे व नियम सर्वांना सारखा असणे या दोन गोष्टींना पर्याय नाही. तेवढे साधले तर झाड लावणारा व फळ खाणारा वेगळा असला तरी झाड लावण्यास माणसे पुढे येतील, यात संदेह नाही.